चार वाद्यं आणि सा कुठंच नाही

बार्टोक या हंगेरियन संगीतकाराचं चौथं स्ट्रिंग क्वार्टेट पहिल्यांदा ऐकणार असाल तर लोकलमध्ये ऐकू नका, एवढं आधीच सांगून टाकते. माझं घर ठाण्यात, ऑफिस वाशीला, म्हणजे ट्रान्सहार्बर, आणि गाडीत कानात काहीतरी लावून बसायची सवय कॉलेजपासूनची, त्यामुळे अनुभवाचं बोलतेय. या संगीतात आवाज एका क्षणी जेमतेम ऐकू येईल इतका बारीक असतो, तुम्ही व्हॉल्यूम वाढवता, आणि नेमकं तेव्हाच चौघं मिळून कानावर तुटून पडतात. वेबर्न या ऑस्ट्रियन संगीतकाराचं तर विचारूच नका. त्याच्या ऑपस ९ मधल्या सहा बगाटेल, म्हणजे छोट्या छोट्या रचना, मिळून चारेक मिनिटांच्या, ऐरोलीला सुरू केल्या तर घणसोली यायच्या आत सहाच्या सहा संपतात आणि मधे काय झालं ते गाडीच्या खडखडाटात कळतच नाही. घरी, रात्री, चांगला हेडफोन लावून ऐका. नॉइज कॅन्सलिंगवाला असेल तर गाडीत थोडं जमतं, पण थोडंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. हायडन, मोझार्ट, बीथोव्हनपासून चालत आलेला प्रकार. मी बोलतेय ते विसाव्या शतकातल्या क्वार्टेटबद्दल, शोनबर्ग, बर्ग, वेबर्न, बार्टोक, पुढे कार्टर, लिगेटी वगैरे संगीतकार मंडळी, ज्यांचं नाव काढलं की पाश्चात्त्य संगीत आवडणारे लोकसुद्धा जरा चुळबुळ करतात. आणि हे सगळं मी शिकले ते रेकॉर्डिंगवरून. एनसीपीएला, मैफली होतात तिथे, कधीतरी जाणं होतं, पण ठाण्याहून नरिमन पॉइंट, परत यायची शेवटची गाडी, आणि तिथे वेबर्न लागणार म्हणून वाट बघत बसायचं म्हटलं तर आयुष्य जाईल. त्यामुळे आधी काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधल्या सीडी, २०१६ ला तेही बंद झालं, मग स्ट्रीमिंग आणि यूट्यूब.

माझा या प्रकारात शिरकाव झाला तो आशाताईंमुळे, खरंच. २००५ साली क्रोनोस क्वार्टेट नावाच्या अमेरिकन ग्रुपने आर. डी. बर्मनच्या गाण्यांचा एक अल्बम केला, गायला आशा भोसले, तबल्याला झाकीर हुसेन. ते ऐकून मला हे क्रोनोस कोण ते बघावंसं वाटलं, आणि बघायला गेले तर त्यांचा १९९० चा अल्बम मिळाला, त्यात पहिलीच रचना जॉर्ज क्रम्ब या अमेरिकन संगीतकाराची ब्लॅक एंजल्स. १९७० ची, व्हिएतनाम युद्धाच्या काळातली. वाद्यांना अ‍ॅम्प्लिफायर लावलेले, वाजवणारे मधेच वेगवेगळ्या भाषांत आकडे म्हणतात, पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासांवर बो (गज) घासतात, आणि सुरुवातीलाच इलेक्ट्रिक किड्यांची रात्र अशा नावाचा भाग, जो ऐकून मी हेडफोन काढून खोलीत खरंच काही शिरलंय का ते बघितलं. डेव्हिड हॅरिंग्टनने १९७३ मध्ये हीच रचना रेडिओवर ऐकली आणि असलं वाजवायचं म्हणून क्रोनोस सुरू केलं. म्हणजे तोसुद्धा कानावर पडलेल्या प्रक्षेपणातूनच आत आला की, हॉलमधून नाही.

पण गंमत अशी की ब्लॅक एंजल्स आता मी फारसं ऐकत नाही. पहिल्या काही वेळा अंगावर काटा आला, नंतर काटा कुठे येणार ते पाठ झालं आणि मग तो येईना. हे मुद्दाम सांगतेय कारण आमच्या घरात यावरून एक जुना वाद आहे. नवऱ्याचं म्हणणं, रोज ऐकलंस तर मिक्सरचा आवाजसुद्धा आवडायला लागेल, याला रसिकता नाही सवय म्हणतात. मला हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, हसून उडवण्यासारखा नाही, कारण या संगीताबद्दल सगळे जण हाच सल्ला देतात की पुन्हा पुन्हा ऐका, आपोआप आवडेल. आपोआप काही होत नाही. सवयीनेच आवडत असतं तर क्रम्ब जास्त जास्त आवडायला हवा होता, तो विरत गेला, आणि बार्टोक, जो सुरुवातीला नुसता कर्कश वाटला होता, तो वाढत गेला. शिवाय एकच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून मला फार काही मिळालं नाही. मिळालं ते एकाच रचनेची दोन वेगळी रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐकून. ते कसं ते सांगते.

बार्टोकचं चौथं क्वार्टेट १९२८ चं. मी आधी जुलियार्ड क्वार्टेटचं १९६३ चं रेकॉर्डिंग ऐकलं. कोरडं, धारदार, प्रत्येक आघात वेगळा कळेल असं. ऐकताना दम लागला, आदर वाटला, बाकी काही नाही. मग टाकाश क्वार्टेटचं नव्वदच्या दशकातलं लावलं. हा ग्रुप मुळात बुडापेस्टचा. आणि तेच स्वर, तीच लय, पण अचानक त्यात पाय हलायला लागले! शेवटच्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे रचनेच्या शेवटच्या भागात, जे मला जुलियार्डकडे हाणामारीसारखं वाटलं होतं ते इकडे सरळ नाच होता, गावातला, जरा प्यायलेला. मग परत जुलियार्डकडे गेले तर तिथेही तो नाच होता, आधीपासूनच होता, मला ऐकू येत नव्हता इतकंच. म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डिंगने पहिलं रेकॉर्डिंग उघडलं. त्यानंतर शांडोर व्हेघच्या क्वार्टेटचं ऐकलं, ते आणखी निराळं, सफाई कमी, मातीचा वास जास्त, काही जागी तर गावच्या फिडलवाल्यांना बसवलंय असं वाटावं. आता यात मातीचा वास ही माझी कविकल्पना नाही, बार्टोक आणि त्याचा संगीतकार मित्र कोडाय हे दोघं १९०५-०६ पासून एडिसनचा फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरत होते, मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी भरून घेत होते. रात्र रात्र ती ऐकून स्वरलेखन करायचं. म्हणजे हा माणूस स्वतःच रेकॉर्डिंग ऐकून ऐकून घडलेला.

याच क्वार्टेटचा सगळ्यात चांगला खुलासा मला मिळाला तो माझ्या आत्याकडून. आत्या नौपाड्यात राहते, आयुष्यभर गाणं शिकली आणि शिकवलं, पाश्चात्त्य संगीत म्हणजे तिच्या लेखी लग्नातला बँड. एका दुपारी तिच्याकडे गेले होते तेव्हा म्हटलं, आत्या, पाच मिनिटं हे ऐक गं, शिव्या नंतर घाल. आणि मधली, म्हणजे तिसरी मूव्हमेंट लावली. यात तीन वाद्यं एक लांबलचक स्वरसमूह धरून बसतात आणि चेलो एकटा वर काहीतरी बोलत राहतो. आत्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "हा आलाप करतोय ना गं? आणि बाकीचे तिघं तानपुरे धरून बसलेत. तानपुरा कुणी लावलाय देव जाणे, पण आलाप आहे." मग परत ऐकून म्हणाली, "आधी सूर अगदी कोरा धरलावता, सरळ. आता हलवतायत."

हे तिने नुसत्या कानाने पकडलं. स्कोअरमध्ये, म्हणजे छापील स्वरलिपीत, खरंच तसं लिहिलंय, आधी व्हायब्रेटोशिवाय, म्हणजे सूर न थरथरवता, धरा, मग व्हायब्रेटोसकट. मी इतके महिने ऐकत होते, लेख वाचत होते, माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट तिने विचारली ती जास्त महत्त्वाची. "याचा सा कुठाय?" बस, सगळी अडचण या एका प्रश्नात आहे. आपले कान तानपुऱ्यावर वाढलेत, भीमसेन असोत नाहीतर नाट्यगीत असो नाहीतर देवळातलं भजन, सा पक्का असतो आणि बाकी सगळं त्याच्या नात्याने. त्यामुळे हे संगीत ऐकताना आपण नकळत पहिल्या सेकंदापासून सा शोधत असतो, सापडत नाही, आणि मग आपल्याला वाटतं की हे बेसूर आहे. माझ्या मते हा त्रास आपल्याला युरोपातल्या लोकांपेक्षा जास्तच होत असणार.

म्हणून मी कुणालाही शोनबर्गमध्ये शिरायचं असेल तर त्याचं दुसरं क्वार्टेट सांगते, १९०८ चं, कारण त्यात सा जाताना ऐकू येतो. पहिल्या मूव्हमेंटला रीतसर स्वरघर, म्हणजे पक्का सा, आहे, एफ शार्प मायनर. दुसरीत मधेच एक व्हिएन्नाचं जुनं बाजारू गाणं येतं, अरे बाबा ऑगस्टिन, सगळं संपलं, असल्या अर्थाचं. (त्या उन्हाळ्यात शोनबर्गची बायको माथिल्ड त्यांच्याकडे येणाऱ्या रिशार्ड गेर्स्टल नावाच्या तरुण चित्रकाराबरोबर निघून गेली होती, नंतर परत आली, आणि नोव्हेंबरात गेर्स्टलने आत्महत्या केली. तेव्हा सगळं संपलं हे नुसतं गमतीत आलेलं नसावं.) तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये क्वार्टेटमध्ये चक्क एक गायिका उभी राहते, आणि चौथीत ती श्टेफान गेओर्गच्या कवितेतली ओळ गाते की मला दुसऱ्या ग्रहावरची हवा जाणवतेय, आणि तिथे खाली सा उरलेलाच नसतो, सगळं तरंगतं. अगदी शेवटी मात्र एफ शार्प मेजर. परत येतो! पहिला प्रयोग २१ डिसेंबर १९०८ ला व्हिएन्नात झाला, रोझे क्वार्टेटने वाजवलं, लोकांनी हसून, ओरडून गोंधळ घातला. मला त्या लोकांचा राग येत नाही. त्यांना एकदाच ऐकायला मिळालं होतं, पॉज करून मागे जायची सोय नव्हती.

इथेही दोन रेकॉर्डिंगची तीच जादू. एक लासाल क्वार्टेटचं, १९७१ च्या त्यांच्या संचातलं, ज्यात शोनबर्ग, बर्ग, वेबर्न सगळेच आहेत. स्वच्छ, नेमकं, प्रत्येक धागा सुटा. दुसरं कोलिश क्वार्टेटचं, १९३६-३७ च्या थंडीतलं, आणि याची गोष्टच भारी आहे. शोनबर्ग तेव्हा लॉस एंजेलिसला होता, चित्रपटांना संगीत देणाऱ्या आल्फ्रेड न्यूमनने त्याच्यासाठी युनायटेड आर्टिस्ट्सच्या स्टुडिओत जागा मिळवून दिली, आणि तिथे चारही क्वार्टेट रेकॉर्ड झाली, मोजक्याच प्रती काढल्या. म्हणजे हॉलिवूडच्या सिनेमाच्या स्टुडिओत शोनबर्ग! रुडॉल्फ कोलिश हा शोनबर्गच्या दुसऱ्या बायकोचा भाऊ, म्हणजे मेव्हणा, आणि हा ग्रुप असल्या रचनासुद्धा पाठ करून, समोर कागद न ठेवता वाजवायचा. रेकॉर्डिंग जुनं, खरखर भरपूर. पण ते लोक स्वरावरून स्वरावर घसरत जातात, मींडच म्हणा ना, ओढ घेतात, थांबतात, एखादं प्रेमगीत वाजवावं तसं वाजवतात. लासाल ऐकून मला कळलं की काय लिहिलंय, कोलिश ऐकून कळलं की कशासाठी लिहिलंय. मींड ऐकू आल्यावर आमचा कान जरा सैलावतो हेही आहेच.

बर्गची लिरिक स्वीट, १९२६ ची, ही या सगळ्यात सगळ्यात लवकर आवडण्यासारखी. सहा मूव्हमेंट. तिसरी सगळी वाद्यांवर म्यूट, म्हणजे आवाज दबवणारा चिमटा, चढवून कुजबुजत पळते, ती मी डोळे मिटून ऐकते. हिचं एक गुपित आहे जे बर्गच्या मृत्यूनंतर चाळीसएक वर्षांनी, १९७७ मध्ये जॉर्ज पर्ल या अभ्यासकाला सापडलं. बर्गने एका छापील प्रतीवर रंगीत शाईने टिपणं करून ती हाना फुक्स नावाच्या विवाहित बाईला दिली होती. हा पण विवाहित. जर्मन पद्धतीने स्वरांची नावं घेतली तर आल्बान बर्गचे ए आणि बी, हाना फुक्सचे एच आणि एफ, हे चार स्वर सगळ्या रचनेत विणलेत, आणि शेवटच्या मूव्हमेंटखाली बोदलेअरची एक कविता लपवलीय. वाचल्यावर मी फार उत्साहाने परत ऐकायला बसले. आणि खरं सांगू, त्या माहितीने ऐकण्यात फारसा फरक नाही पडला. ते चार स्वर शोधत बसले तर बाकीचं हुकतं. शेवट मात्र माहितीशिवायही आत जातो, एकेक वाद्य गळत जातं, व्हियोला एकटा उरतो, दोन स्वरांमध्ये हेलकावत, आणि कुठल्या क्षणी थांबला ते हेडफोन लावूनही सांगता येत नाही.

आता कार्टर. एलियट कार्टर, अमेरिकन, १९०८ ते २०१२, म्हणजे एकशे तीन वर्षं जगला आणि शेवटपर्यंत लिहीत होता. पहिलं क्वार्टेट त्याने १९५०-५१ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात टूसानजवळ जाऊन लिहिलं, लोकांना काय झेपेल याचा विचार बाजूला ठेवून. ते आवडतं मला, चेलोच्या एकट्याच्या भाषणाने सुरू होतं आणि मोठ्या प्रवासानंतर शेवटी तेच भाषण व्हायोलिन पुढे नेतं. दुसऱ्याला, १९५९ च्या, पुलित्झर मिळालं. त्यात चार वाद्यं म्हणजे चार स्वभावांची माणसं आहेत, पहिलं व्हायोलिन शायनर, दुसरं घड्याळाच्या काट्यावर चालणारं, व्हियोला रडका, आणि चेलोचा वेग कधीच एक नाही, वाढतो, ओसरतो, परत वाढतो. आमच्या सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग ज्यांनी बघितलीय त्यांना हे क्वार्टेट समजायला अजिबात अडचण येऊ नये.

तिसरं १९७१ चं, त्यालाही १९७३ मध्ये पुलित्झर, आणि ते मात्र भिंत आहे. चौघांचे दोन गट केलेत. पहिलं व्हायोलिन आणि चेलो एका बाजूला, लय सैल सोडून, त्यांच्या चार मूव्हमेंट. दुसरं व्हायोलिन आणि व्हियोला दुसऱ्या बाजूला, काटेकोर लयीत, त्यांच्या सहा. आणि या चार आणि सहा एकमेकांवर चढवलेल्या, तुकड्या तुकड्याने, एकाच वेळी. मी कितीदा सोडून दिलं. मग कुठेतरी वाचलं की कार्टरची सूचनाच आहे की दोन गटांनी जमेल तितकं लांब बसावं, आणि मी ऐकते त्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्येही एक गट डाव्या बाजूला नि दुसरा उजव्या बाजूला ऐकू येतो. मग मी सरळ एक इअरबड काढून ठेवला. एका कानाने एकच जोडी ऐकली, दुसऱ्या दिवशी दुसरी जोडी. पूर्ण वेगळं होत नाही, पलीकडचं थोडं झिरपतंच, पण पुरेसं होतं. त्यानंतर दोन्ही कानांनी. पहिल्यांदाच मला तो गोंगाट न वाटता दोन खोल्यांमधली दोन संभाषणं वाटली, आणि भिंतीतल्या दारात मी उभी. हॉलमध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाला हे करता येत नाही, अर्धा क्वार्टेट बंद करून बघायची मुभा फक्त रेकॉर्डिंग देतं. शुद्धतावाद्यांना आवडणार नाही, नसू दे. आणि एवढं करून तिसरं क्वार्टेट मला आवडतं का, तर नाही, अजून नाही. कळतं. आवडणं वेगळं. आत्याला ऐकवलं तर तिने दोन मिनिटांत "पुरे" म्हटलं आणि चहा टाकायला उठली.

काही कामाच्या गोष्टी. शफल बंद करा, नाहीतर बार्टोकच्या पहिल्या मूव्हमेंटनंतर शोनबर्गची तिसरी लागेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. सर्चमध्ये रचनाकाराबरोबर ग्रुपचं नाव टाका, लासाल, जुलियार्ड, टाकाश, आर्दित्ती, नाहीतर भलतंच येतं. आवाज आपोआप एकसारखा करणारी सेटिंग असते ती बंद ठेवा, कारण बारीक आणि मोठा यातलं अंतर हाच इथे अर्धा मजकूर आहे. यूट्यूबवर स्कोअर सरकत जाणारे व्हिडिओ मिळतात, नोटेशन वाचता येत नसलं तरी बघा, कुठे गर्दी आहे आणि कुठे पान कोरं आहे एवढं दिसतं, वेबर्नसाठी तर फारच उपयोग होतो. आणि एका बैठकीत एकच रचना. बार्टोकचं तिसरं पंधराएक मिनिटांत संपतं, पुरतं तेवढं.

लुइजी नोनो या इटालियन संगीतकाराचं १९८० चं क्वार्टेट मात्र सध्या बाजूला ठेवलंय. त्यात शांततेच्या जागा इतक्या आहेत, आणि इतक्या लांब, की समोरच्या टॉवरचं पाइलिंग चालू असताना ते ऐकणं म्हणजे पाइलिंगच ऐकणं. सध्या लिगेटीचं दुसरं चालू आहे, १९६८ चं, लासालसाठीच लिहिलेलं. त्यातली तिसरी मूव्हमेंट बहुतेक सगळी बोटांनी तारा छेडून, पिझिकाटोत, चौघं चार वेगवेगळ्या गतींनी, घड्याळाचं मशीन बिघडत जावं तसं. बार्टोकच्या चौथ्यातली चौथी मूव्हमेंटसुद्धा अशीच, पूर्ण पिझिकाटो, तिच्यात मधे मधे तार इतकी जोरात ओढून सोडतात की ती लाकडावर फटकन आपटते. आणि ही चौथी म्हणजे दुसऱ्या मूव्हमेंटचीच धून, तिथे स्वर चिकटून चिकटून सरपटत होते ते इथे लांब लांब पसरवलेत, हे मला आत्ता आत्ता, लिगेटी मधे घालून परत बार्टोकवर आल्यावर ऐकू आलं. आत्याला ते दोन तुकडे पाठवलेत. तिचा अजून फोन आलेला नाही.